तोंडातून गेलेला शब्द

मी, इफ्ताह, बापाचे नाव गिलाद, आईचे नाव तिम्ना (या गावात ते कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम घेतले आहे), राहणार मिस्पा, गिलाद मुलखाचा सेनापती आणि गेली सहा वर्षे न्यायाधीश, आपखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके जागेवर आहे. पाय जागेवर नाही. डावा पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला आहे, आणि कालपासून वैद्य माझ्याऐवजी भिंतीकडे बघून बोलतो, त्यावरून काय ते मी समजलो. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेली नाही. जे सांगतो आहे ते मलाच सांगायचे आहे.

लिहिणारा माहली, लेवी, हा या गावचा शास्त्र जाणणारा माणूस. त्याला मी बजावले आहे की मी बोलेन ते सगळे लिही, खोडू नकोस, आणि मध्ये कोणी बोलले तर तेही लिही. तो म्हणाला, मृत्युपत्रात असे लिहायची रीत नाही. मी म्हणालो, बापाच्या घरातून हाकललेल्याने मृत्युपत्र करायची तरी रीत कुठे आहे. मग तो लिहू लागला.

कलम पहिले, सावत्र भावांबद्दल. थोरला ऊलाम आणि त्याच्या पाठचे तिघे. बापाला जाऊन सात दिवस झाले नाहीत तोच त्यांनी मला अंगणात उभे करून सांगितले की तू परक्या बाईचा, तुला या घरात वाटा नाही. ते मी मान्य केले, कारण ते चौघे होते आणि माझ्या हातात काठीसुद्धा नव्हती. आता मला मुलगा नाही, मुलगी राहिली नाही, आणि रीतीप्रमाणे अशा माणसाचे सगळे भावांना जाते. हे ऊलामला पाठ आहे. गेले तीन आठवडे तो दर दोन दिवसांनी अंजिराची ढेप घेऊन माझ्या उशाशी बसतो आणि बोलता बोलता छपराची लाकडे डोळ्यांनी मोजतो. त्या चौघांना मी तेच देतो जे त्यांनी मला दिले, म्हणजे वेशीबाहेरचा रस्ता. अंजिरे चांगली होती.

कलम दुसरे, हत्यारे. माझी तलवार, दोन भाले आणि पितळी पट्ट्याची ढाल होतामला द्यावी. होताम हा टोबच्या रानातला माझा जोडीदार. मला घरातून काढले तेव्हा मी तिकडे गेलो आणि तिथे माझ्यासारखेच ओवाळून टाकलेले लोक मला भेटले. आम्ही काफिले लुटले, हे नाकारत नाही. होताम एका डोळ्याने आंधळा आहे, पण माणूस ओळखण्यात दोन डोळ्यांच्यांना भारी. अम्मोनी लोक गिलादावर चालून आले तेव्हा मला वेशीबाहेर काढणारे वडीलधारे टोबला येऊन माझ्यापुढे वाकले. "इफ्ताहबाबा, आमचा सेनापती हो," म्हणाले. होताम माझ्या कानात म्हणाला, "गरज सरो, वैद्य मरो, हे ध्यानात ठेवून हो म्हण." मी हो म्हणालो. बोलावले याचाच मला इतका आनंद झाला होता की पुढचे काही दिसले नाही.

कलम तिसरे, घर. मिस्पातील राहते घर, पूर्वेस पाण्याच्या टाक्याची वाट, पश्चिमेस खळे, उत्तरेस जैतुनाची सात झाडे, दक्षिणेस गावाचा तट. घराला पूर्वी वाटेकडे मोठे दार होते. ते मी चिणून घेतले आहे आणि मागच्या दाराने येतो-जातो. घर ज्याला मिळेल त्याला कारण माहीत असावे म्हणून ते लिहितो.

अम्मोन्यांवर निघण्यापूर्वी मी परमेश्वराला नवस बोललो की, जय दिलास तर परत येईन तेव्हा माझ्या दारातून जे पहिले मला सामोरे येईल ते तुला होमात देईन. हे बोलायला मला कोणी सांगितले नव्हते. परमेश्वराने मागितले नव्हते. मला वाटले, नुसती विनंती माझ्यासारख्याची कोण ऐकणार, जोडीला काहीतरी ठेवले पाहिजे. आमच्याकडे जनावरे घरातच तळाशी बांधतात. दार उघडले की आधी तीच बाहेर धावतात. माझ्या डोळ्यांपुढे तांबडा बोकड होता. लढाई चालू असताना मी त्या बोकडाबद्दल हळहळलोही होतो, कारण जनावर चांगले होते.

जिंकून येणाऱ्याला घरच्या बायका-मुली डफ वाजवत सामोऱ्या जातात, ही रीत गिलादात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. पण माझ्यासाठी कधी कोणी डफ घेऊन आले नव्हते. टोबच्या रानात आम्ही लूट घेऊन परतायचो तेव्हा कुत्रीसुद्धा गुहेत लपायची. त्यामुळे ती रीत मला लागू होईल हे माझ्या ध्यानातच आले नाही. दुसऱ्या कोणाही गिलादी माणसाने असा नवस बोलण्याआधी जीभ चावली असती.

शाल्वा आली. माझी एकुलती एक मुलगी. माहली, नाव लिहिलेस का? लिही आणि पुढे चल.

तिने दोन महिने मागितले, मैत्रिणींबरोबर डोंगरात रडून येते म्हणाली. मी दिले. मला कोणी आडवे येईल असे त्या दोन महिन्यांत रोज वाटायचे. वडीलधाऱ्यांपैकी कोणी, भावांपैकी कोणी, निदान एखादी म्हातारी तरी येऊन म्हणेल की इफ्ताह, हा काय वेडेपणा. कोणी आले नाही. मी रस्त्याने चाललो की लोक माझ्यासाठी बाजूला व्हायचे. दोन महिन्यांनी ती ठरल्या दिवशी परत आली, एक दिवसही उशीर केला नाही. तोंडातून शब्द गेला होता, तो परत घेता येत नाही, असे मी तिला म्हणालो. तिनेही तेच मला म्हटले. तिच्या जागी मी असतो तर पळून गेलो असतो.

तेव्हापासून मी कुठूनही परत आलो की वाटेवरची सगळी दारे आधीच बंद झालेली असतात. आया पोरांना आत ओढून घेतात. मी पुन्हा नवस बोललेला नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी ओढून घेतात. बरोबरच करतात. मीसुद्धा कोणत्याही दारातून कोणी बाहेर येताना पाहिले की नजर खाली घालतो, आणि कधी कधी डफ ऐकू येतो, कुठेच वाजत नसताना.

कलम चौथे, शेळ्या. माझ्या कळपातील चाळीस शेळ्या अर्दोनच्या आईला द्याव्या. अर्दोन टोबपासून आमच्यातला. अरोएरच्या लढाईत अम्मोनी गदेने त्याचे पुढचे चार दात पडले. आम्ही त्याच्या आईला सांगितले की तो अम्मोन्यांच्या हातून मेला. ते खोटे आहे. शेळ्यांबरोबर तिला खरे काय तेही सांगावे, म्हणून लिहितो.

शाल्वा गेली त्याला महिना झाला नव्हता, आणि नदीपलीकडचे एफ्राईमी लोक हत्यारे घेऊन आले. म्हणाले, लढाईला आम्हाला का बोलावले नाहीस, आता तुझे घर तुझ्यासकट जाळतो. मी बोलावले होते, तेव्हा त्यांना सवड नव्हती. वर आम्हा गिलाद्यांना भगोडे म्हणाले. एरवी मी हसून सोडले असते. माझ्या घरात तेव्हा जाळण्यासारखे काय राहिले होते? पण घर आणि जाळणे हे दोन शब्द त्यांनी एकत्र उच्चारले, आणि माझ्या डोक्यात जे भडकले ते यार्देन नदीपर्यंत विझले नाही.

ते हरले, पळाले. मी यार्देनेचे उतार, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागा, धरले. माणूस नदीकाठी आला की आमचे लोक विचारायचे, एफ्राईमी का? तो नाही म्हणायचा. मग म्हणायचे, "शिब्बोलेथ" म्हण. शिब्बोलेथ म्हणजे कणीस. एफ्राईमी जिभेला श येत नाही, तो "सिब्बोलेथ" म्हणतो. जो तसे म्हणाला त्याला तिथेच कापले. हा शब्द मी निवडला, दुसऱ्या कोणावर ढकलू नये. टोबला असताना एक एफ्राईमी तेलवाला यायचा. त्याला आम्ही हाच शब्द दहादा म्हणायला लावायचो आणि पोट धरून हसायचो, मग त्याला जेवायला बसवायचो. तोही हसायचा. ती आमची थट्टा होती. मी तीच उतारावर नेली.

अर्दोनला मी टेहळणीसाठी पलीकडे पाठवले होते. तो परत आला तेव्हा पहाऱ्यावर नवे लोक होते, त्याला न ओळखणारे. त्यांनी शब्द विचारला. पुढचे दात नसलेल्या माणसाला श कुठून येणार? होतामने लांबून पाहिले, तो धावत निघाला, पण अंतर फार होते. अर्दोनला वाटले, टोबची थट्टा चालली आहे. तो हसत होता. तीनदा म्हणाला आणि तिन्ही वेळा हसला.

लोक म्हणतात बेचाळीस हजार. मी एकटीचे दुःख इतक्यांवर काढले. न्यायाधीश म्हणून सहा वर्षे मी लोकांच्या विहिरींचे आणि बांधांचे निवाडे केले, पण माझ्यासमोर हा खटला कोणी आणला नाही.

कलम पाचवे, पुन्हा घराबद्दल, आणि हेच खरे कलम. हे लिहिताना मागचे दार लावून घेतले आहे. खोलीत चौघेच आहोत. मी, लिहिणारा माहली, दाराशी होताम, आणि माझ्या पायाला लेप लावत बसलेली दूमा. दूमा म्हणजे मुकी. लढाईनंतर ती होतामला सातूच्या शेतात बसलेली सापडली, काही विचारले तरी बोलेना, म्हणून त्याने तिला दळणकांडणासाठी माझ्या घरी आणले. सहा वर्षे तिने या घरात कोणाशी शब्द काढलेला नाही.

शाल्वाच्या नावाने गिलादाच्या मुली वर्षातून चार दिवस माझ्या अंगणात जमतात आणि रडतात. त्या दिवसांत मी घरात थांबत नाही, खळ्याकडे जातो. मागल्या वर्षी पाय दुखायला लागला होता म्हणून आतल्या खोलीत पडून राहिलो. चौथ्या दिवशी दुपारी मुली निघून गेल्या. अंगणात एकच आवाज राहिला. तो म्हणत होता, "साल्वा, साल्वा."

माझा हात उशाखालच्या सुरीवर गेला. मी हे लपवत नाही. मुलीचे नाव घेऊन कोणी रडत होते आणि मी हत्यार चाचपत होतो, कारण श च्या जागी स ऐकला. मग फटीतून पाहिले तर जोत्यावर दूमा बसली होती, पदर तोंडात कोंबून. मी हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी काही ऐकले आणि तोंड उघडले नाही. वर्षभर कोणाला बोललो नाही, तिलाही नाही.

म्हणून असे ठरवतो की कलम तिसऱ्यात सांगितलेले घर, खळे आणि जैतुनाच्या सात झाडांसह, मी दूमाला देतो. ती एफ्राईमची आहे हे मला ठाऊक आहे. वारसाने साक्षीदारांसमोर तोंडाने "शमाती", म्हणजे ऐकले, असे म्हटल्याशिवाय वाटणी पक्की होत नाही, ही आपली रीत. सेनापती म्हणून मी सांगतो की ती ते जसे म्हणेल तसे चालेल.

येथे माहलीची लेखणी थांबली. लेपाचा हातही थांबला. होतामने दाराला पाठ लावली. मी म्हणालो, "पोरी, घाबरू नकोस. होताम तुला काही करणार नाही, आणि माहलीला मी शपथ घातली आहे. ऐकलंस एवढं म्हण, घर तुझं."

तिने बोटांवरचा लेप पुसला. मग म्हणाली, "समाती. घर नको."

सहा वर्षे कोणाशी बोलायला न वापरलेला आवाज होता, त्याला खरखर आली होती. होताम म्हणाला, "बाई, नीट विचार कर. मिस्पातलं घर आहे. तटाला लागून."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझे तीन भाऊ उतारावर पडले. मी त्यांना भाकरी भाजून घालायला आले होते. त्यांच्या नावानं रडायला या गावात मला जागा नव्हती. म्हनून दर वर्सी चार दिवस तुमच्या पोरीच्या नावानं रडले. तिचं रडनं मी उसनं घेतलं. आता तिचं घरबी घेऊ का?"

मी विचारले, मग काय हवे. ती म्हणाली, "नदी ओलांडून घरी जायचंय. आई असंल तर असंल."

मी म्हणालो, जा की, कोण अडवते. त्यावर होताम म्हणाला, "चौकी अडवते, इफ्ता. उतारावर अजून विचारतात. तू हुकूम मागे कुठं घेतलास?"

हे मला ठाऊक होते. ठाऊक नसल्यासारखा मी सहा वर्षे राहिलो. म्हणालो की तिला माझी मोहोर देतो, ती दाखवली की सोडतील. दूमा म्हणाली, "मला सोडतील. माझ्यामागून कुनी आलं तर? कुनाची म्हातारी, कुनाचं पोर?"

मी तिला तेच सांगितले जे शाल्वाला सांगितले होते. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

माहली लिहिता लिहिता म्हणाला, "येतो, सरदार." आवाज इतका बारीक होता की मला पुन्हा विचारावे लागले. तो म्हणाला, "शब्द परत घेता येतो. हुकूम तर येतोच, पण नवससुद्धा. माणूस नवसात बोलला गेला तर ठरलेली चांदी देऊन त्याला सोडवता येतं. शास्त्रात आहे तसं."

मी विचारले, "हे तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"मग दोन महिने काय करत होतास?"

"तुम्ही विचारलं नाहीत," माहली म्हणाला. "आणि तुम्ही नुकते जिंकून आला होतात, सरदार. तुमच्यासमोर तोंड उघडायची गावात कोणाची छाती होती?"

हे सगळे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. मी सांगितले म्हणून लिहिले. पाय चालता असता तर तो या खोलीतून जिवंत गेला नसता, आणि मग आणखी एक हुकूम माझ्या नावावर चढला असता. तो रडत होता, त्याचे मला काही वाटले नाही. शाल्वा माझ्या तोंडाने गेली, आणि गावाच्या गप्प बसण्याने गेली, दोन्ही खरे. पण नवस माझा होता. तोंड मीच उघडले होते. माहलीला माझ्याकडून दुसरे काही मिळणार नाही. हे कलम त्याने लिहिले, हीच त्याची वाटणी.

 दूमाने लेप पुरा केला आणि पाय झाकला.

कलम सहावे. कलम पाचव्यातील वाटणी रद्द. घर शाल्वासाठी रडायला येणाऱ्या मुलींचे, त्यांनी तिथे चार दिवस रडावे, उरलेले दिवस वाटल्यास हसावे. त्यात ऊलामने पाय ठेवू नये.

कलम सातवे, आणि शेवटचे. यार्देनेच्या उतारांवर सहा वर्षांपूर्वी दिलेला माझा हुकूम मी परत घेतो. अलीकडून पलीकडे किंवा पलीकडून अलीकडे जाणाऱ्या कोणालाही, पुरुष असो, बाई असो, गिलादी असो वा एफ्राईमी, कोणताही शब्द म्हणायला लावू नये. नाव विचारू नये, गाव विचारू नये. बोलला तर ऐकून घ्यावे, गप्प राहिला तर गप्प जाऊ द्यावे. ज्याने विचारले त्याला माझ्यानंतरच्या न्यायाधीशाने शिक्षा करावी. हे पत्र होतामने स्वतः चौकीवर नेऊन तोंडाने सांगावे, मी मरायची वाट न पाहता, उद्याच. दूमाला बरोबर न्यावे.

मी हे परत घेऊ शकतो असे मला आज कळले. आणखी एक शब्द परत घ्यायचा होता, त्याला आता उशीर झाला.

वरील सर्व वाचून दाखवले, मला मान्य आहे. मोहोर माझ्या हाताने उमटवली, हात होतामने धरला.

मुक्काम मिस्पा, गिलाद. यार्देनेच्या लढाईनंतरचे सहावे वर्ष, सातूच्या कापणीचा महिना, अकरावा दिवस, दुपार.

इफ्ताह, गिलाद व तिम्ना यांचा मुलगा. (मोहोर)

साक्षीदार पहिला: होताम, राहणार टोब, सध्या मिस्पा. (अंगठा)

लिहिणार: माहली, लेवी. मी जे ऐकले ते सगळे लिहिले आहे. त्या दोन महिन्यांत मी बोललो नाही, तेही खरे आहे.

साक्षीदार दुसरी: जिला या घरात दूमा म्हणत, तिने आपले खरे नाव सांगितले. लिहिणाऱ्याने विचारले की गिलादी पद्धतीने श लिहू का. सेनापती म्हणाले, ती म्हणते तसे लिही. सिम्रा, राहणार एफ्राईम. (अंगठा)